ऊसतोड्यांच्या जिल्ह्यातील आरोग्यविमा

महाराष्ट्रात २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांपुरती सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना नोव्हेंबर २०१३ मध्ये बीडसह राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. सुरुवातीला पिवळ्या व केशरी शिधापत्रिकाधारकांसाठी असलेल्या या योजनेत लाभार्थी पैसे भरत नाही. अंगीकृत, म्हणजे योजनेशी करार केलेल्या रुग्णालयाला ठरलेल्या उपचाराचा ठरलेला दर परस्पर चुकता केला जातो. शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या चौदा जिल्ह्यांतील, अर्थात बीडमधीलही, पांढरी शिधापत्रिका असलेल्या शेतकऱ्यांना त्यात आधीच जागा मिळाली होती. पुढे जुलै २०२४ पासून ही योजना सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली होऊन कुटुंबामागे वार्षिक संरक्षण दीड लाखांवरून पाच लाखांवर गेले.

तरीही ऊसतोड मजुरांचा जिल्हा असलेल्या बीडचे दुखणे केवळ रकमेचे नाही. मुकादमाकडून उचल घेऊन जोडप्याने, म्हणजे एका ‘कोयत्याने’, सहा महिने परमुलखात ऊस तोडायचा आणि खाडा झाला की दंड भरायचा, अशा व्यवस्थेत साध्या अंगदुखीवर किंवा पाळीच्या तक्रारीवर वेळीच उपचार होत नाहीत; आणि योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांचा खर्च उचलते, बाह्यरुग्ण तपासणीचा नव्हे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, तेव्हा शासनाने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या शस्त्रक्रियांपैकी बहुतेक खासगी रुग्णालयांत, पुष्कळदा कर्ज काढून, झाल्या होत्या.