मानाच्या साडीचं इंग्रजी

कॉलेज रोडवरच्या आमच्या घरात जेवणाचं टेबल पंधरा दिवस जेवायला मोकळं नाही. त्यावर भाचीचं लग्न पसरलंय. विवाह नोंदणीचा दाखला, पत्रिका, मंगल कार्यालयाची पावती, ढीगभर फोटो आणि ताईने जुन्या पिशवीत घालून आणलेली आहेराची वही. जावई अमेरिकेचे नागरिक. बायकोला न्यायचं तर त्यांनी तिकडे आय-130 हा अर्ज करायचा, आणि त्याला लग्न झाल्याचा कागद पुरत नाही. लग्न खरं आहे, हेही दाखवावं लागतं.

लग्न झालं हे दाखवणं सोपं गेलं. महाराष्ट्रात त्यासाठी 1998 चा कायदा आहे. तीन साक्षीदार, गुरुजींची सही, पत्रिका आणि अंतरपाटाचा फोटो घेऊन महापालिकेच्या विभागीय कार्यालयात गेलो, दाखला घेऊन आलो. बाहेर पडून चहासुद्धा प्यायलो, इतकं काम संपल्यासारखं वाटलं.

खऱ्या लग्नाला काय लागतं, ते अर्जाच्या सूचनांत लिहिलंय. दोघांच्या नावावरची मालमत्ता. दोघांच्या नावचा भाडेकरार. एकत्र केलेला पैसा. मुलांचे जन्मदाखले. आमचं जोडपं लग्नानंतर एका छपराखाली राहिलं सतरा दिवस, तेही सासूबाईंच्या घरात. भाडेकरार कोणाशी करणार, सासूबाईंशी? यादीत शेवटी होती ती ओळखीच्या माणसांची प्रतिज्ञापत्रं. तिथे मात्र आम्ही श्रीमंत. चारशे पान उठलं होतं.

म्हणूनच ताईने वही आणली. पहिल्या पानावर श्री, हळदीकुंकवाची बोटं, खाली काकांच्या अक्षरात नावं आणि आकडे. कोणी 501, कोणी 1,101, कोणी स्टीलचा डबा. ताईचा मुद्दा बिनतोड होता: खोट्या लग्नात कोणी डबा देतं का? पण परभाषेतल्या प्रत्येक कागदाला इंग्रजी भाषांतर हवं आणि भाषांतर अचूक असल्याची भाषांतरकाराची सही हवी. ते काम माझ्याकडे आलं. ‘मधल्या आत्याचे व्याही’ याला इंग्रजीत तीन ओळी लागल्या. ‘मानाची साडी’ दोन दिवस अडून बसली. मान कोणाचा, तो साडीने कसा होतो, हे कंसात किती सांगणार? प्रतिज्ञापत्राच्या मसुद्यात काकांनी ‘मुलाकडून मागणी आली’ असं लिहिलं होतं. त्याचं मी सरळ ‘डिमांड’ केलं आणि रात्री दचकून उठले. परक्या माणसाने ते वाचलं असतं, तर मागणी घालणं राहिलं बाजूला, हुंडा मागितला असंच वाटलं असतं.

लग्न खोटं तर नाही ना, या संशयाला इतिहास आहे. अमेरिकेने 1986 मध्ये खोट्या लग्नांविरुद्ध खास कायदा केला. पाच वर्षांपर्यंत तुरुंग, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड. शिवाय लग्नाला दोन वर्षं झालेली नसताना तिथे पोचलं, तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं. ते संपायच्या आधीच्या 90 दिवसांत नवरा-बायकोने मिळून पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा पुरावे द्यायचे. ब्रिटनमध्ये तर 1997 पर्यंत असा नियम होता की, लग्नाचा मुख्य हेतू देशात शिरणं हा नाही, हे अर्जदाराने सिद्ध करायचं. ठरवून केलेल्या लग्नाचा हेतू कोण कसा सिद्ध करणार? आणि जानेवारी 1979 मध्ये हीथ्रो विमानतळावर, लग्नासाठी आलेल्या 35 वर्षांच्या एका भारतीय शिक्षिकेची कौमार्य तपासणी करण्यात आली होती. बातमी छापून आल्यावर तो प्रकार थांबला. हे आठवलं की आमच्या टेबलावरचे कागद बरेच सभ्य वाटतात.

भाचीचं दुखणं वेगळं होतं. व्हॉट्सअ‍ॅपवरचं दोघांचं बोलणं. साखरपुड्यापासूनचं सगळं छापलं, तर हजारावर पानं झाली असती. मी चष्मा लावून बसले, तशी ती म्हणाली, “मावशी, तू नको वाचूस. मीच निवडते.” तिने आधी गोड गोड पानं काढली. दुसऱ्या दिवशी त्यातली निम्मी परत ठेवली आणि वेगळीच आणली: त्याच्या विम्याच्या हप्त्याची आठवण, तिच्या वडिलांच्या मोतीबिंदूची तारीख, कोणाच्या तरी फोनवरून झालेलं एक लांबलचक भांडण. भांडणाच्या पानावर तिने कडेला तारखेची खूण केली. मला ही निवड पटली. प्रेमाचे शब्द कुठूनही उतरवून घेता येतात, मोतीबिंदू नाही.

फोटोंचंही तेच. लग्नाआधी गंगापूर धरणाच्या काठावर फोटोग्राफरने काढलेले सूर्यास्ताचे फोटो एखाद्या दागिन्यांच्या जाहिरातीसारखे दिसत होते. ते बाजूला गेले. राहिला माप ओलांडतानाचा, पंचवटीत दोघं छत्रीवरून हुज्जत घालत असलेला आणि मिसळीच्या दुकानातला, ज्यात त्याच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहतंय.

प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण, माणसांची नावं. काल रात्री व्हिडिओ कॉलवर तेच चाललं होतं. पुढे मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखत होईल, तेव्हा शपथ घेऊन उत्तरं द्यायची तिला, एकटीला. म्हणून ती परीक्षेसारखी तयारी करतेय. सासरकडच्या ग्रुप फोटोवर जावई अडले.

“तिसऱ्या रांगेत, हिरव्या साडीतल्या कोण गं? तुझ्याकडच्या असतील.”

“अरे, तुझ्या आईची मावसबहीण,” भाची मान वर न करता म्हणाली आणि नाव लिहून पुढच्या फोटोकडे वळली.