नुसतं डावीकडे वळायचं, त्यात काय एवढं?

परवा घाटकोपरहून मेट्रोने येताना मित्राला डेटोना ५०० ची क्लिप दाखवली. तो म्हणाला, "अरे, हे नुसते डावीकडेच वळतायत. त्यात काय एवढं?" तेवढ्यात अंधेरी आलं आणि उत्तर राहिलं. आजचा भाग खास त्याच्यासाठी.

डेटोना ५०० ही अमेरिकेतल्या नॅसकारची सगळ्यात मोठी शर्यत. फ्लोरिडातला ट्रॅक, एक फेरी सुमारे ४ किलोमीटरची, अशा २०० फेऱ्या. गाड्या दिसायला शोरूममधल्यासारख्या, म्हणून 'स्टॉक कार'. आतून मात्र फक्त शर्यतीसाठी बांधलेल्या. आपला नारायण कार्तिकेयनही २०१० मध्ये नॅसकारच्या ट्रक मालिकेत उतरला होता.

खरी गंमत वळणात आहे. तिथे रस्ता ३१ अंशांनी आतल्या बाजूला कललेला असतो. ह्याला बँकिंग म्हणतात, बारावीच्या फिजिक्समध्ये होतं बघा. लोकलच्या वळणावरही बाहेरचा रूळ थोडा उंच असतो. जत्रेतला 'मौत का कुआँ' म्हणजे हेच, पण पार टोकाला नेलेलं.

मी हिशोब मांडला. वळणाची त्रिज्या साधारण ३०५ मीटर, वेग ताशी ३०० किलोमीटर, हवेचा परिणाम बाजूला ठेवू. रस्ता सपाट असता तर टायरना गाडीच्या वजनाच्या २.३ पट पकड लागली असती. तेवढी नसते, म्हणजे गाडी थेट भिंतीत! ३१ अंशांच्या कलावर मात्र बाहेर फेकणारा जोर गाडीला रस्त्यावरच दाबतो. मग त्या दाबाच्या ०.७ पट पकड पुरते.

पण इथेच घोळ होतो. वळणावर वेग कमी करायची गरज उरली नाही, की वेग वाढतच जातो. १९८७ मध्ये टॅलाडेगाच्या ट्रॅकवर बिल इलियटने ताशी ३४२ किलोमीटरची फेरी मारली. त्याच वर्षी तिथल्या शर्यतीत बॉबी ॲलिसनची गाडी उडून प्रेक्षकांसमोरच्या जाळीवर आदळली, काही प्रेक्षक जखमी झाले. मग १९८८ पासून ह्या दोन ट्रॅकवर इंजिनात जाणारी हवाच कमी करणारी भोकांची प्लेट बसवली.

वेग उतरला, पण सगळ्यांची ताकद जवळपास सारखी झाली. कोणी कोणाला मागे टाकून निघून जाऊ शकेना. पुढचा हवा कापतो, मागचा त्याच्या आडोशाने ओढला जातो, आणि बंपरला बंपर लावून थवा पळतो. संध्याकाळी दादरच्या जिन्यावरची गर्दी आठवा: एक अडखळला की मागचे दहा पडतात.

१८ फेब्रुवारी २००१. डेटोनाची शेवटची फेरी. नॅसकारच्या मुख्य मालिकेत सात वेळा विजेता ठरलेल्या डेल अर्नहार्टची गाडी भिंतीवर आदळली. टीव्हीवर धडक साधीच वाटली, पण तो वाचला नाही. गाडी थांबली तरी डोकं पुढे जातच राहतं, आणि कवटीच्या तळाला जीवघेणा मार बसतो. त्याच वर्षी नॅसकारने हेल्मेट खांद्याशी बांधून ठेवणारी साधनं सक्तीची केली. पुढे भिंतीही धक्का शोषणाऱ्या आल्या.

काल रात्री अंधेरीहून मुलुंडला कॅबने आलो. मागच्या सीटचा बेल्ट सीटखाली गेलेला. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे. एरवी मी "जाऊ दे" म्हणालो असतो. काल भैयांना म्हटलं, "दोन मिनिटं थांबा." बेल्ट ओढून काढला, लावला, मग निघालो.

तुम्हीही काढा. भेटू पुढच्या भागात!