जेडमधला परदेशी माणूस नक्की कोणाबद्दल सांगतो?

परवा एका एम.ए.च्या विद्यार्थिनीने विचारलं, "वस्तूंवरून इतिहास लिहायचा तर सुरुवात कुठून करायची?" उत्तरादाखल माझी स्वतःचीच फजिती सांगतो. पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली आहे.

आधी वस्तू डोळ्यांसमोर आणा. काड्यापेटीएवढी, पांढरट जेडची चौकोनी चकती. तिच्यावर उठावात कोरलेला एक माणूस: कुरळे केस, मोठं नाक, अंगाला घट्ट बाह्यांचा अंगरखा, पायात बूट. सतरंजीवर बसून वाद्य वाजवतोय आणि खांद्यावरची ओढणी वाऱ्यावर उडतेय. चीनमध्ये थांग काळात (इ.स. 618 ते 907) अशा चकत्या कातडी पट्ट्यावर ओळीने बसवत. जेडचा पट्टा कोणीही बांधावा असं नव्हतं, तो तिसऱ्या श्रेणीच्या आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांचा मान.

कोरलेल्या माणसाला चिनी ग्रंथ 'हू' म्हणतात. बहुतेकदा अर्थ मध्य आशियातला, समरकंदकडचा सोग्दी व्यापारी किंवा कलावंत. पण शब्द सैल आहे. आपल्याकडे 'यवन' जसा आधी ग्रीकांसाठी होता आणि पुढे कुठल्याही परक्याला लागू झाला, तसाच काहीसा.

तर माझा बेत असा होता: अशा चकत्यांचे भरपूर फोटो जमवायचे आणि त्यांवरून थांग राजधानी चांगआनमधल्या सोग्दींचे कपडे, वाद्यं, राहणीमान यांवर प्रकरण लिहायचं. सहा महिने फोटो जमवले, बरेचसे लिलावाच्या कॅटलॉगमधले. मॅडमनी फाइल चाळली आणि एकच विचारलं, "हे थांग आहे हे तुला कोणी सांगितलं?"

"कॅटलॉगमध्ये लिहिलंय."

"आणि कॅटलॉगवाल्याला?"

मी गप्प.

अडचण अशी की जेडचं वय मोजता येत नाही. लाकूड, हाड, कापड असेल तर कार्बन-14 आहे. जेड म्हणजे इथे नेफ्राइट, एक खनिज. ते खोतानजवळच्या नद्यांत गोट्यांच्या रूपात मिळायचं. दगड तयार कधी झाला हे भूगर्भशास्त्र सांगेल, पण कारागिराने तो हातात कधी घेतला ते त्यातून कळत नाही. शिवाय जेड 'कोरत'ही नाहीत. ते साध्या लोखंडी पात्याहून कठीण असतं, म्हणून फिरत्या चाकावर कठीण वाळू आणि पाणी घालून घासून काढावं लागतं. हे तंत्र शतकानुशतकं फारसं बदललं नाही. घासल्याच्या खुणांचा सिलिकॉनमध्ये ठसा घेऊन तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. त्यातून आधुनिक हिऱ्याच्या हत्याराने केलेली नक्कल पकडता येते, पण आठवं शतक की अकरावं, हे नाही. शैलीवर भिस्त ठेवावी, तर जुन्या शैलीची हौसेने नक्कल करणं चीनमध्ये सोंग काळापासून चालू आहे.

मग आधार कशाचा? जमिनीतून नोंदीसकट निघालेल्या वस्तूचा. 1970 मध्ये शीआनला, म्हणजे जुन्या चांगआनमध्येच, हजियात्सुन इथे पुरून ठेवलेला ठेवा सापडला. मातीचे दोन रांजण आणि चांदीचं एक भांडं, आत हजारावर वस्तू. त्यात जेडच्या पट्ट्यांचे दहा संच होते आणि त्यांपैकी एकावर आपले हे वादक. आता गंमत बघा, हा ठेवा पुरला कधी यावरही वाद आहे. आधी तो 755 च्या आन लूशानच्या बंडाशी जोडला जायचा, नंतर 783 च्या बंडाळीशी जोडणारं मत पुढे आलं. म्हणजे इतक्या चांगल्या पुराव्यावरूनही आपण एवढंच म्हणू शकतो की चकत्या तोवर घडल्या होत्या. पण एवढंही पुष्कळ झालं. कॅटलॉगमधल्या चकतीला हजियात्सुनच्या शेजारी ठेवून पाहता येतं, आणि माझ्या फाइलमधल्या कितीतरी तिथेच गळाल्या.

दुसरी चूक मॅडमनी नंतर दाखवली, आणि ती मला जास्त लागली. मी चकतीला फोटो समजत होतो. ती सोग्दी माणसाने स्वतःसाठी करवलेली नाही, ती चिनी दरबाऱ्याच्या कमरेवर होती. परदेशी आपल्यासाठी वाजवतोय, नाचतोय, नजराणा आणतोय, हे चित्र मिरवणारा वेगळा आणि दाखवलेला वेगळा. आन लूशान स्वतः सोग्दी बापाचा मानला जातो. त्याच्या बंडानंतर 'हू' लोकांकडे संशयाने बघणं वाढलं, तरी जेडवरचा हू काही गेला नाही. मिंग काळातल्या पट्ट्यांवरही तो सिंहाबरोबर दिसतो. तोवर चीनमध्ये सोग्दी असा वेगळा समाजच उरला नव्हता. कारागिराने तसा माणूस पाहिलेला नव्हता, पाहिली होती ती आधीची नक्षी.

त्यामुळे प्रकरणाचा विषय बदलला. सोग्दी कसे राहत होते, यासाठी आता मी त्यांच्या स्वतःच्या थडग्यांकडे आणि पत्रांकडे वळलोय. जेड ठेवलंय, पण पट्टा बांधणाऱ्यांबद्दलचा पुरावा म्हणून. एक्सेलमध्ये 'कुठे सापडलं, कोणी नोंदवलं' असा कॉलम सगळ्यात डावीकडे आणलाय. बहुतेक रकाने रिकामे आहेत आणि मी ते तसेच सोडलेत.