वजनकाट्यावर न दिसणारा फरक

पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा : २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के!

वरून सडपातळ आणि आत चरबी, अशी ठेवण भारतीयांमध्ये सर्रास आढळते. म्हणूनच शाळेतल्या व्यायामाने मुलांमध्ये काय फरक पडला, हे नुसतं वजन करून कळत नाही. वयात येताना मुलग्यांचे स्नायू झपाट्याने वाढतात, मुलींच्या अंगावर थोडी चरबी चढते. तो वाढीचाच भाग आहे. हाडंही याच वर्षांत भरतात. नियमित व्यायामाने चरबी घटली आणि स्नायू वाढले, तर काटा जागचा हलतही नाही.

स्वित्झर्लंडमध्ये २००५-०६ साली पहिली आणि पाचवीच्या मुलांवर एक प्रयोग झाला. आठवड्याला खेळाचे तीन तास होतेच, त्यात आणखी दोन घातले. चरबी मोजायला दंडावरची, खांद्याच्या पात्याखालची कातडी चिमटीत धरून कॅलिपरने तिची जाडी पाहिली. वर्षअखेरीस इतर मुलांच्या तुलनेत या मुलांची चरबी कमी भरली, दमसास वाढला. कार्यक्रम थांबल्यावर तीन वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा दमसासाचा फायदा टिकून होता; चरबीतला फरक उरला नव्हता.

व्यायामात खंड पडून चालत नाही, तसंच तासाचं नियोजनही हवं. लांब उडीच्या एकाच खड्ड्यापुढे चाळीस मुलं रांगेत उभी राहिली, तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम दोन उड्या येतात. तासातला निम्मा वेळ तरी प्रत्येक मूल धापा टाकेल इतकं हललं पाहिजे, असं तज्ज्ञ सांगतात. त्याच मैदानावर चार गट पाडून दोरीउड्या, दंड-बैठका, शटल धाव आणि लांब उडी आळीपाळीने घेतली, की कोणी रिकामं उभं राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटं हालचाल आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सुचवते. सीबीएसईने २०१८ मध्ये नववी ते बारावीसाठी रोज खेळाचा तास ठेवायला सांगितलं. परीक्षा जवळ आली की ‘पोर्शन राहिलाय’ म्हणून पहिला बळी जातो तो पीटीच्या तासाचाच. पालकसभेत गुणांइतक्याच आग्रहाने या तासाचीही विचारणा व्हायला हवी.