लठ्ठपणाचे मूळ कधी कधी बालपणात

विश्रांतवाडीतील माझ्या दवाखान्यात एक गृहस्थ वजन कमी करण्यासाठी येत असत. वय ३८, वजन १०४ किलो. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) थायरॉइड, साखर वगैरे तपासण्या ठीक होत्या. आहाराचा तक्ता दिला, रोज पहाटे चालायला सांगितले. चार महिन्यांत नऊ किलो उतरले आणि पुढच्या सहा महिन्यांत सगळे परत चढले. मी रागावलो. "जिभेवर ताबा नाही तुमचा," असे बोलूनही गेलो. ते मान खाली घालून ऐकत राहिले आणि नंतर बरेच दिवस फिरकले नाहीत.

पुन्हा आले ते झोप लागत नाही म्हणून. या वेळी मी काट्याकडे न पाहता विचारले, "रात्री जाग आल्यावर काय करता?" थोडा वेळ थांबून ते म्हणाले, "डॉक्टर, स्वयंपाकघरात जाऊन उभ्यानेच खातो. दिवा लावत नाही."

ही सवय लहानपणापासूनची होती. वडील दारू पिऊन आले की भरले ताट भिरकावत, आईला मारत. म्हणून आई भाकरी फडक्यात बांधून फळीवर लपवून ठेवी. सगळे निजल्यावर हा मुलगा अंधारात भराभर खाई. वडील जाऊन पंधरा वर्षे झाली होती, पण खाणे तसेच चालू होते. माझे ते रागावणे त्यांना कोणाच्या आवाजासारखे वाटले असेल, हे मला तेव्हा उमगले.

वाचकहो, असा अनुभव अमेरिकेत डॉ. व्हिन्सेंट फेलिटी यांनाही आला. १९८०च्या दशकात सॅन डिएगो येथील त्यांच्या लठ्ठपणाच्या दवाखान्यात चांगले वजन उतरत असलेले रुग्णच मध्येच उपचार सोडून जात. चौकशी केल्यावर अनेकांनी बालपणी झालेले लैंगिक अत्याचार सांगितले. काहींना वाढलेले शरीर म्हणजे इतरांच्या नजरेपासूनची ढाल वाटत होती. पुढे फेलिटी व डॉ. रॉबर्ट आंडा यांनी ९,५०८ प्रौढांची पाहणी १९९८ साली प्रसिद्ध केली. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन असे चार किंवा अधिक प्रकारचे आघात सोसलेल्यांत तीव्र लठ्ठपणाची शक्यता सुमारे दीडपट आढळली. नैराश्य, दारूचे व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण तर त्याहून कितीतरी जास्त होते.

हे घडते कसे? भीती वाटली की मूत्रपिंडावरील ग्रंथींतून कॉर्टिसॉल हे संप्रेरक स्रवते. संकट टळल्यावर ते कमी व्हायला हवे. पण ज्या मुलाच्या घरात रोजच भीती असते, त्याच्या शरीराला सतत सावध राहण्याची सवय जडते. कॉर्टिसॉल सतत वाढलेले राहिले तर गोड-तेलकट खाण्याची ओढ वाढते आणि चरबी पोटावर साठू लागते. झोप बिघडली की भूक आणखी वाढते. उदासपणामुळे हालचाल मंदावते. शिवाय गोड खाल्ल्यावर घटकाभर बरे वाटते. मग भूक नसतानाही हात डब्याकडे जातो.

मात्र प्रत्येक लठ्ठ माणसाच्या मागे असा इतिहास असतो असे नाही. आनुवंशिकता, आहार, बैठे काम, काही औषधे हीही कारणे आहेत. आणि बालपणी सोसलेले सगळेच लठ्ठ होतात असेही नाही.

मग करावे काय? प्रथम आठवडाभर वहीत लिहा: केव्हा खाल्ले, भूक होती का, मनात काय चालले होते? जेवण वेळेवर आणि बसून घ्या. उपाशी राहण्याचे कडक प्रयोग टाळा; त्यांनी रात्रीचे खाणे बळावते. जुने दुःख डॉक्टरांना सांगायला लाजू नका. मानसोपचाराची औषधे चालू असतील आणि त्यांनी वजन वाढत असेल, तर ती परस्पर बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. 'येरवड्याला पाठवा' ही आपल्याकडची जुनी थट्टा. तिच्यापायी कितीतरी माणसे मनाच्या डॉक्टरकडे जातच नाहीत. त्यांनी निदान 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. तो मोफत आहे आणि मराठीतून बोलता येते. एखाद्या मुलावर अत्याचार होत असल्याचे कळले, तर १०९८ वर कळवावे.

त्या गृहस्थांना मी समुपदेशनासाठी पाठवले. वर्षभरात वजन सात किलोच उतरले, पण ते टिकले आहे. आता ते रात्री दिवा लावून, बायको-मुलांबरोबर बसून जेवतात.

आईवडिलांना एकच विनंती. मार्कांचा हिशेब, नवरा-बायकोचे भांडण, कोणाच्या जाडेपणाची चेष्टा, यांतले काहीही मुलाच्या ताटाशी आणू नका. जेवताना तरी मुलाला भीती वाटता कामा नये.