‘घट्ट बांधा’ हा सल्ला घातक का?

दरवर्षी बीड जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील फडांवर जातात. मोळ्या भरताना किंवा बैलगाडीवरून पडून हात मोडला, तर दवाखाना गाठेपर्यंत प्रथमोपचाराची ऐकलेली-वाचलेली माहितीच कामी येते. तीच चुकीची असेल तर?

‘मोडलेला हात घट्ट बांधा’ हे वाक्य साधे वाटते. पण मोडलेल्या जागी सूज वाढत जाते. वरून पट्टी आवळलेली असेल, तर आतला दाब वाढून रक्तपुरवठा खुंटतो. सहा तासांच्या आसपास स्नायू कायमचे निकामी होऊ लागतात. आवळलेल्या पट्टीमुळे आखडणाऱ्या हाताचे वर्णन जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फोन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच केले होते.

म्हणूनच आरोग्यविषयक माहितीपत्रक छापण्याआधी ते लेखकाव्यतिरिक्त इतर तज्ज्ञांनी तपासायला हवे. बीडपुरते बोलायचे, तर अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे; तेथील अस्थिरोगतज्ज्ञ सल्ला अचूक आहे का, हे पाहू शकतील. तो मजुरांना समजतो का, हे आशाताई सांगतील.

माहितीपत्रकात एवढे तरी हवेच :

- मोडलेला भाग आहे त्या स्थितीत ठेवून काठीचा किंवा पुठ्ठ्याचा आधार द्या.
- मालिश करू नका, हाड ओढून बसवू नका.
- बोटे उघडी ठेवा. ती गार, निळसर वा बधिर झाली किंवा वेदना वाढतच गेल्या, तर पट्टी लगेच सैल करा आणि १०८ ला फोन करा.