आंदणात आलेली मुंबई आणि राजाचा धर्म

मंडळी, आपल्या भंडारा रोड स्टेशनवर विदर्भ एक्सप्रेस धरली की दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबई. ही मुंबई इंग्रजांनी लढून घेतली नाही, लग्नाच्या आंदणात मिळवली, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्या लग्नाच्या करारात धर्माचं एक कलम होतं, ते सहसा कुणी सांगत नाही. आज तेवढंच बघू.

इंग्लंडात त्या काळी धर्म म्हणजे थेट राजकारण. १६४९ साली चार्ल्स पहिला याचं डोकं उडवलं, त्यामागे कर आणि पार्लमेंट यांच्याइतकाच चर्चचा वाद होता. १६६० मध्ये त्याचा मुलगा चार्ल्स दुसरा गादीवर आला आणि त्यानं लग्न केलं पोर्तुगालच्या कॅथरीनशी. ती कॅथलिक, प्रजा बहुतेक प्रोटेस्टंट! १६६१ च्या करारानं मुंबई राजाला मिळाली, पण तिथल्या कॅथलिकांना आपला धर्म पूर्वीसारखा पाळता येईल, हेही त्यात लिहून दिलं होतं.

आता गंमत बघा. १६७३ मध्ये पार्लमेंटनं टेस्ट ॲक्ट केला. सरकारी पद हवं, तर इंग्लंडच्या चर्चच्या पद्धतीनं प्रभुभोजन घ्या. राजाचा सख्खा भाऊ जेम्स कॅथलिक झालेला, त्याला नौदलप्रमुखपद सोडावं लागलं. म्हणजे लंडनमध्ये राजाच्या भावाला जे जमत नव्हतं, ते मुंबईच्या कोळीवाड्यातला ख्रिस्ती बिनघोर करत होता.

हे काय औदार्य होतं? मला तसं वाटत नाही. १६६८ मध्ये राजानं हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला दिलं. कंपनीला माणसं हवी होती. व्यापारी, विणकर, कारागीर. रिकाम्या बेटाचं करायचं काय?

पण त्यालाही मर्यादा होती. १६६९ साली धर्माच्या जाचामुळे सुरतेचे हजारो बनिया व्यापारी गाव सोडून भडोचला निघाले. त्यांच्यातले काही जण जेराल्ड औंजियर या इंग्रज अधिकाऱ्याकडे गेले, म्हणाले, मुंबईत आसरा द्या. औंजियरला माणसं हवीच होती, तरी त्यानं टाळलं. औरंगजेब चिडला तर सुरतेची वखार अडचणीत येईल, ही भीती. तूर्त अहमदाबादला जा, असा सल्ला दिला. आसरा मागणाऱ्याला हे ऐकायला कसं वाटलं असेल, सांगा.

पुढे १६७७ मध्ये दीवचा व्यापारी नीमा पारेख आला. दीव पोर्तुगीजांचं, आणि गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन चालू. नुसत्या तोंडी शब्दावर त्याचा भरवसा बसला नसावा, असा माझा अंदाज. त्यानं अटी लिहून घेतल्या: आमचे ब्राह्मण आणि गुरू आमच्या घरात धर्म पाळतील, आमच्या वाड्याच्या आवारात इंग्रज, पोर्तुगीज वा मुसलमान राहणार नाही, तिथे जीवहत्या होणार नाही, प्रेतं आम्ही आमच्या रीतीनं जाळू. कंपनीनं मान्य केलं.

आणि लंडनमध्ये? १६७८ मध्ये टायटस ओट्स नावाच्या माणसानं कॅथलिकांच्या कटाची खोटी कहाणी उठवली. त्यापायी निरपराध माणसं फासावर गेली. राजाला विष देण्याच्या कटात खुद्द राणी आहे, असाही आरोप त्यानं केला. राजानं मात्र तिची साथ सोडली नाही. जिच्या आंदणात मुंबई आली, तीच ही कॅथरीन.